वडिलांची वॅगनआर आणि सत्तर हजारांचे अंदाजपत्रक

प्रश्न : माझे वडील चौदा महिन्यांपूर्वी गेले. त्यांची मार्च २०१२ ची पेट्रोल वॅगनआर तेव्हापासून कराडच्या घरी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. गाडी ६८ हजार किलोमीटर चालली आहे आणि बाबांशिवाय ती फारशी कुणी चालवलेली नाही. मी पुण्यात नोकरी करते, भाऊ नाशिकला असतो. आईला गाडी विकायची नाही. ती अजूनही दर रविवारी तिच्या काचा पुसते. गेल्या महिन्यात मी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांना बोलावले. किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि टक-टक-टक असा आवाज येतो, इंजिन फिरत नाही. त्यांनी बॅटरी तासभर चार्ज करून पाहिली, तरी तेच झाले. त्यांच्या मते इंजिन जाम आहे. रिंग-पिस्टन, हेडचे काम, टायमिंग बेल्ट, सेल्फ, बॅटरी आणि टायर मिळून त्यांनी ७० हजार रुपये खर्च सांगितला. कंपनीचे सर्व्हिस सेंटर म्हणते, टोचन करून आणा, मग सांगू. भाऊ म्हणतो, २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षे होतील आणि मग ती भंगारातच द्यावी लागेल, तर आताच देऊन टाकू. बाबांची पेट्रोलची वही गाडीच्या कप्प्यात सापडली; तिच्या शेवटच्या तीन पानांची छायाचित्रे सोबत पाठवत आहे. गाडी अजून बाबांच्याच नावावर आहे आणि विमा सात महिन्यांपूर्वी संपला. या गाडीवर पैसे घालणे वेडेपणा ठरेल का?

उत्तर : तुम्ही दिलेल्या माहितीवरून इंजिन जाम झाले आहे, असे सिद्ध होत नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो, कारण सत्तर हजारांचा आकडा ज्या निदानावर उभा आहे ते निदान अजून झालेलेच नाही.

एकामागून एक टक-टक असा आवाज येणे आणि त्याच वेळी दिवे मंदावणे, ही बहुतेक वेळा अशक्त बॅटरीची खूण असते. सेल्फवर, म्हणजे इंजिनाला सुरुवातीला फिरवणाऱ्या मोटरवर, सोलेनॉइड नावाचा एक चुंबकीय स्विच बसवलेला असतो. किल्ली फिरवली की तो आत ओढला जातो आणि बॅटरीचा मोठा प्रवाह सेल्फकडे सोडतो. बॅटरीत दम नसेल तर प्रवाह सुटताक्षणी व्होल्टेज कोसळते आणि स्विच मागे येतो. तो मागे आला की व्होल्टेज जरा सावरते आणि स्विच पुन्हा ओढला जातो. हे चक्र सेकंदात कितीतरी वेळा चालते आणि आपल्याला टक-टक-टक ऐकू येते. बॅटरी चांगली असून इंजिन खरोखर अडकलेले असेल, तर सहसा एकच जड ‘टक्’ ऐकू येतो आणि पुढे काहीही होत नाही. तुम्ही वर्णन केलेला आवाज पहिल्या प्रकारचा आहे.

बॅटरी तासभर चार्ज केल्याने हा प्रश्न निकालात निघत नाही. अनेक महिने रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. अशी बॅटरी चार्जरवर लावली की मीटरवर आकडा चांगला दिसतो, पण सेल्फचा भार पडताच ती बसते. चांगली, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास विसावल्यानंतर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. किल्ली फिरवताना तो आकडा ९-१० च्या खाली घसरत असेल, तर दोष आधी बॅटरीत किंवा तिच्या जोडण्यांत शोधावा. मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांना मिळतो आणि हे मोजमाप तुम्ही स्वतः उभे राहून करून घेऊ शकता.

जोडण्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. माझ्या मामांच्या मारुती ८०० चे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अशाच एका तक्रारीवरून एका गॅरेजमध्ये उतरवले गेले होते. आठवडाभराने कळले की गिअरबॉक्सवर बसणारी अर्थची पट्टी गंजून सैल झाली होती, म्हणून सेल्फला प्रवाहच पुरत नव्हता. एका पान्याने आणि पॉलिश पेपरच्या तुकड्याने जे काम व्हायचे, त्यासाठी इंजिन उघडले गेले; आणि ते इंजिन त्यानंतर पूर्वीसारखे कधीच चालले नाही, ऑइल गळतच राहिले. तेव्हापासून मी सर्वांना एकच क्रम सांगत आलो आहे : ज्या गोष्टी करून पाहिल्यावर गाडी पुन्हा होती तशी ठेवता येते, त्या सगळ्या आधी कराव्यात. बॅटरी बदलून पाहता येते, प्लग काढून पुन्हा बसवता येतात, जुने पेट्रोल उपसता येते. हेड एकदा उतरवले की गॅस्केट, बोल्ट, मजुरी आणि मशिन शॉप हे सगळे आपोआप मागे येते.

आता अंदाजपत्रकातील एका ओळीविषयी. तुमच्या गाडीत ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे के-मालिकेतील इंजिन आहे आणि या इंजिनात टायमिंग बेल्ट नसतो, साखळी असते. कदाचित काकांना बाहेरचा, डायनॅमो फिरवणारा बेल्ट म्हणायचे असेल आणि लिहिताना शब्द बदलला असेल. चौदा महिने उभ्या गाडीचा तो बेल्ट तडकलेला असू शकतो आणि तो स्वस्तात बदलता येतो. पण ही ओळ ‘टायमिंग बेल्ट’ म्हणूनच लिहिलेली असेल, तर यादी तुमची गाडी पाहून केलेली नसून सवयीने केलेली आहे, एवढे त्यातून कळते. काकांच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. जुन्या गाड्यांची कामे करणारे अनेक अनुभवी फिटर गिऱ्हाईक पुन्हा तक्रार घेऊन येऊ नये म्हणून एकदाच सर्व काही लिहून टाकतात.

तुम्ही पाठवलेल्या वहीच्या तीन पानांनी मला या साऱ्या पत्रव्यवहारापेक्षा अधिक सांगितले. तुमच्या वडिलांनी प्रत्येक वेळी पेट्रोल किती लिटर भरले आणि मीटरवर किती किलोमीटर होते, हे लिहून ठेवले आहे. मी बेरीज-वजाबाकी करून पाहिली; शेवटच्या आठ महिन्यांत गाडी लिटरला सरासरी १६ ते १७ किलोमीटर देत होती आणि हा आकडा शेवटपर्यंत घसरलेला नाही. ऑइल बदलल्याच्या दोन नोंदी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये ऑइल वरून घातल्याची एकही नोंद नाही. ज्या इंजिनाच्या पिस्टनवरच्या रिंगा झिजून गेलेल्या असतात ते ऑइल पिते आणि इतका काटेकोर माणूस ते लिहिल्याशिवाय राहिला नसता. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी राहिली त्या दिवशी तिचे इंजिन आतून निरोगी होते, असे मानायला चांगला आधार आहे. ऑइल भरलेले, कोरड्या जागी, बॉनेट बंद करून ठेवलेले निरोगी इंजिन चौदा महिन्यांत कायमचे जाम होणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे.

मात्र त्याच पानांवर एक नोंद तीन वेळा आली आहे आणि ती तुमच्या अंदाजपत्रकात कुठेच नाही : ‘कुलंट अर्धा लिटर घातले’. आठ महिन्यांत दीड लिटर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कुठेतरी जात होते. कुलंटची यंत्रणा बंदिस्त असते. वर्षभरात टाकीतील पातळी थोडी खाली येणे समजू शकते, पण दीड लिटर नव्हे. हा या गाडीचा खरा, जुना आजार आहे आणि माझे सगळे लक्ष तिथे आहे. गळती रेडिएटरच्या प्लास्टिकच्या कडांतून, एखाद्या होजच्या क्लिपपाशी किंवा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून होत असावी. तिथे वाळलेल्या कुलंटचा पांढरा-हिरवा किंवा गुलाबी डाग उरतो आणि टॉर्च मारून तो पाहून घेता येतो. रेडिएटरचे झाकणही तपासावे, कारण त्याची स्प्रिंग सैल झाली की कुलंट वाफेवाटे निघून जाते आणि गळती कुठे दिसतच नाही. बाहेर काहीच सापडले नाही तरच हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधल्या सीलचा, संशय घ्यावा. या इंजिनाचे हेड आणि ब्लॉक दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे कुलंटविना चार किलोमीटर दामटलेली गाडी हेड वाकवून घेते. म्हणून गाडी सुरू झाल्याच्या आनंदात ही गोष्ट विसरू नका.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, ओढून ऑइलचा रंग पाहा आणि ऑइलचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहा. ऑइल काळे असेल तर काळजी नाही. ते दुधाळ, कॉफीत साय मिसळल्यासारखे दिसत असेल, तर कुलंट ऑइलमध्ये शिरले आहे. तेव्हा किल्लीला हातही न लावता मला कळवा. केवळ झाकणाखाली थोडा पिवळसर फेस असेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर ती बहुधा साठलेली वाफ असते.

आता प्रत्यक्ष काम कसे करून घ्यावे, ते सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. शेडमधील गाडीत उंदीर घर करतात आणि फिल्टरचा डबा ही त्यांची आवडती जागा असते. तिथला कागदाचा, कापसाचा चुरा इंजिनाने आत ओढला तर नसते काम निघते. बॉनेटखालच्या वायरी, टाकीवरच्या वायरी आणि मागच्या सीटखालची जागा टॉर्च मारून पाहा. लेंड्या असतील तर कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून, आधी जंतुनाशकाने ओल्या करून मग पुसा, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कुरतडलेली एखादी वायर सापडली, तर ती गोष्ट लिहून ठेवून वायरमनला दाखवा. जुळवून टेप गुंडाळण्याचे काम घाईने करू नका.

त्यानंतर तिन्ही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि गाडी रात्रभर तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, फिरण्याच्या दिशेने, सावकाश फिरवून पाहा. प्लग काढलेले असल्यामुळे आत हवा दाबली जात नाही आणि तीन सिलिंडरचे हे छोटे इंजिन एका हाताने फिरायला हवे. ते फिरले, तर ‘जाम’ हा शब्द अंदाजपत्रकातून कायमचा काढून टाका. या क्षणी तुम्ही तिथे हजर राहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाना फिरताना डोळ्यांनी पाहिलेला असला की पुढच्या सगळ्या बोलण्यात तुमचा पाय घट्ट राहतो. ते फिरलेच नाही, तर जोर लावू नका. आणखी ऑइल सोडून दोन-तीन दिवस थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा.

इंजिन हाताने फिरल्यावर जुने ऑइल आणि फिल्टर बदलावा, चांगली बॅटरी लावावी आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, प्लग बाहेरच ठेवून सेल्फने इंजिन थोडे थोडे फिरवावे. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला, की आत सर्वत्र ऑइल पोचले असे समजावे. मग कॉम्प्रेशन तपासावे. प्लगच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो, ते मोजण्याची ही चाचणी अर्ध्या तासाची असते आणि तिची मजुरी काही शे रुपयांच्या पलीकडे जात नाही. तीन आकडे मिळतील. त्यांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. एखादा आकडा बराच कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात : दाब वाढला तर दोष रिंगांकडे, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. रात्रभरासाठी आधी घातलेले ऑइल सेल्फ फिरवताना बहुतांशी बाहेर पडते, तरीही पहिल्या मोजणीचे आकडे थोडे फुगलेले असू शकतात. म्हणून गाडी सुरू होऊन वीस मिनिटे चालल्यावर तिन्ही आकडे पुन्हा घ्यावेत. उभ्या गाडीतील व्हॉल्व्हच्या बैठकीवर हलका गंज येऊन दाब तात्पुरता कमी दिसतो आणि इंजिन चालू लागले की तो सुधारतो, हेही या दुसऱ्या मोजणीत कळते. रिंग-पिस्टनचा निर्णय त्यानंतर आणि केवळ त्या आकड्यांवर घ्यावा.

इंजिन सुरू करण्याआधी टाकीतील पेट्रोल काढून टाकणे आवश्यक आहे. वहीतील शेवटच्या नोंदीप्रमाणे २० लिटर भरले होते आणि त्यानंतर गाडी फारशी फिरलेली नाही, म्हणजे टाकी निम्मी तरी भरलेली असेल. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. पुरेसे पाणी साठले की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंप नेमका तळाशीच असतो. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो, तो ओळखू येईल. हे पेट्रोल उघड्या अंगणात, बॅटरीची वायर सोडवून, जवळपास विडी-सिगारेट किंवा गॅसची शेगडी नाही याची खात्री करून उपसावे आणि गटारात ओतू नये. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी होज बोटांनी दाबून पाहावेत. ते कडक झाले असतील किंवा ओलसर लागत असतील तर लगेच बदलावेत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २०१२ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, म्हणून हा खर्च टाळू नये.

सगळे व्यवस्थित करूनही इंजिन फिरते पण सुरू होत नाही असे झाले, तर कुठली किल्ली वापरता आहात ते पाहा. या काळातील बहुतेक गाड्यांच्या मूळ किल्लीत चिप असते. बाजारात कापून आणलेल्या साध्या किल्लीने दार उघडते, सेल्फही फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. बाबांच्या रोजच्या जुडग्यातील किल्ली शोधून तीच वापरा.

ब्रेकच्या बाबतीत मी काटकसर मान्य करणार नाही. ब्रेक ऑइल ओलावा शोषते आणि साधारण दोन वर्षांनी ते बदलायचेच असते; ते पूर्ण काढून नवे भरावे. मागच्या ड्रममधील सिलिंडर गळत नाहीत ना, हे ड्रम उघडून पाहावे. गाडी हॅण्डब्रेक ओढून उभी असेल तर ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असतील; ते हलक्या ठोक्यांनी सुटतात, पहिल्या गिअरमध्ये रेटून सोडवू नयेत. पुढच्या डिस्कवरचा नारिंगी गंज दोन-चार वेळा ब्रेक दाबला की जातो, त्याला घाबरू नका.

टायरवर डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष : ‘२२१८’ म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी दहा वर्षांपुढचा टायर महामार्गावर वापरू नये. स्टेपनी बहुधा गाडीबरोबर आलेलीच असेल. तिचाही आकडा वाचा.

काकांशी हे कसे बोलावे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रातील अवघडलेपण मला जाणवले. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याची गरजच नाही. ‘काका, बाबांच्या वहीत ऑइल कमी झाल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. आधी इंजिन हातानं फिरवून कॉम्प्रेशन बघू, आकडे कागदावर लिहा, त्या कामाचे पैसे मी वेगळे देते. मग पुढचं ठरवू,’ असे सांगावे. चाचणीचे पैसे वेगळे मिळणार हे कळले की मोठे काम काढण्याची घाई राहत नाही. अंदाजपत्रक टप्प्याटप्प्याचे, पार्टच्या नावासह लेखी घ्यावे, पार्ट कंपनीचा की बाहेरचा हे त्यात लिहून घ्यावे आणि बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगावेत. काकांकडे कॉम्प्रेशनचे गेज नसेल, तर ज्याच्याकडे आहे अशा दुसऱ्या गॅरेजच्या माणसाला घरी बोलवावे. टोचनचा खर्च करण्याची अजून वेळ आलेली नाही.

कागदपत्रांविषयी मला काळजी वाटते, कारण दुरुस्त झालेली गाडी लगेच ‘एक चक्कर’ म्हणून रस्त्यावर येते. विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका, कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा नाही. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे नोंदणीसाठी अर्ज करायचा, असा केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम आहे. ती मुदत गेली असली तरी नाव बदलता येते. विलंबासाठी दंड भरावा लागेल. कराडलाच उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, विमा, पीयूसी, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती तयार ठेवा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही समान वारस आहात, आणि बाबांच्या आई हयात असतील तर त्याही. त्यामुळे भावाची सही लागेल आणि भंगाराचा विषय त्याच्याशी आताच मोकळेपणाने बोलून संपवावा लागेल. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतो का, तेही पाहा. कर्ज फेडूनही तो उतरवायचा राहून गेलेला असतो. त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. २०१९ पूर्वीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागेल.

विम्याची एक चूक अनेक कुटुंबे निष्पापपणे करतात : वडिलांचा मोबाइल घरात चालू असतो, त्यावर आठवणीचा संदेश येतो आणि मुले त्यांच्याच नावे ऑनलाइन नूतनीकरण करून टाकतात. तसे करू नका. अपघाताच्या वेळी तो कागद कामाला येईल याची शाश्वती नसते. विमा कंपनीच्या शाखेत मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे घेऊन जा, वस्तुस्थिती सांगा आणि वारसाच्या नावे पॉलिसी मागा. मालकाच्या मृत्यूनंतर जुनी पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालते. बाबांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मुलांना मिळू शकला असता, पण मुदत संपून नव्वद दिवस उलटल्यामुळे तो आता गेला आहे. हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीसाठी त्रयस्थ पक्ष विम्याचा दर जून २०२२ मध्ये २,०९४ रुपये अधिक कर असा ठरला होता, त्यावरून खर्चाचा अंदाज येईल.

तुमच्या भावाचा समज दुरुस्त करायला हवा. पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील बंदीची जी चर्चा आपण ऐकतो ती दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करायचा असतो. त्यासाठी मोटारीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये पाच हजार रुपये झाले होते आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. म्हणजे मार्च २०२७ हा या गाडीचा शेवट नाही. मात्र हा खर्च आजच्या हिशेबात धरायला हवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. आईसाठी गाडी ठेवावीशी वाटणे यात वेडेपणा काहीच नाही. आईला दवाखान्यात, नातेवाइकांकडे नेणारी, ओळखीची, एकाच हातात वाढलेली गाडी आजच्या बाजारात त्या पैशांत दुसरी मिळत नाही. पण गाडीवरच्या मायेपोटी इंजिन उघडायला होकार देऊ नका. बॅटरी, ऑइल, प्लग, फिल्टर, कुलंटची गळती, ब्रेकचे काम आणि पेट्रोलची साफसफाई एवढे माझ्या अंदाजाने २० हजारांच्या आत-बाहेर बसावे. टायर लागले तर त्यांचे प्रत्येकी तीन-चार हजार वेगळे. इथपर्यंत निःशंकपणे जा. दोन्ही वेळच्या कॉम्प्रेशनने इंजिनाचे काम खरोखरच निघाले, तर थांबा, त्याच वर्षाची चालू स्थितीतील वॅगनआर कराड-साताऱ्यात कितीला मिळते ते तीन ठिकाणी विचारा, आणि एकूण खर्च त्या किमतीच्या निम्म्यापुढे जात असेल तर भाऊ आणि आईला समोर बसवून निर्णय घ्या. तोही निर्णय गाडी विकण्याचाच असला पाहिजे असे नाही; फक्त तो आकडे पाहून झालेला असावा.

गाडी सुरू झाल्यावर ती अंगणातच पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवा आणि रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का, ते पाहा. पहिल्या दोन-चार मिनिटांचा पांढरा धूर सायलेन्सरमधील दमटपणाचा असतो. इंजिन गरम झाल्यावरही तो येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर गाडी बंद करा. निळसर धूर सुरुवातीला येईल, तो तुम्हीच सिलिंडरमध्ये घातलेल्या ऑइलचा असेल. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, कुलंटच्या टाकीवर पेनाने खूण करा आणि आठवडाभर ती पाहत राहा. पातळी खाली गेली तर किती गेली ते बाबांच्याच वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, तारीख आणि किलोमीटर घालून लिहा. कॉम्प्रेशनचे आकडे दोन्ही वेळचे, आणि ती कुलंटची नोंद मला कळवा. हेड गॅस्केटविषयी त्यानंतरच नक्की सांगता येईल.